खाणीच्या पाण्याला राखणदार हवा

१३ जानेवारी १९९२. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, एका जुन्या खाणबोगद्याच्या तोंडाशी बसवलेले बूच फुटले आणि चोवीस तासांत सुमारे पाच कोटी लिटर पाणी बाहेर पडले. पाण्याचा रंग नारिंगी होता, सामू तीनच्या आसपास. त्यात लोह, जस्त, कॅडमियम आणि आर्सेनिक विरघळलेले होते. कार्नन नदीतून ते खाडीत उतरले आणि फाल नदीच्या मुखाशी, जिथे शिडाच्या होड्यांतून कालवे काढणारे मच्छीमार पिढ्यानपिढ्या पोट भरत आले आहेत, तिथे मैलोन्मैल पसरले. त्या नारिंगी पट्ट्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली आणि तेव्हा कुठे लोकांना कळले की बंद पडलेली खाणही वाहते.

व्हील जेन हे त्या खाणीचे नाव. कॉर्निश भाषेत ‘व्हील’ म्हणजे कामाची जागा. कथिलाची ही खाण जगाच्या बाजाराशी बांधलेली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कथिल परिषदेची तिजोरी रिकामी झाली, कथिलाचा भाव कोसळला आणि कॉर्नवॉलच्या उरल्यासुरल्या खाणी एकामागून एक खचल्या. व्हील जेन मार्च १९९१ मध्ये बंद झाली. कामगार घरी गेले आणि पंप थांबले. यातला दुसरा भाग बातम्यांत आला नाही, पण खरा परिणाम त्याचाच होता. जमिनीखाली खोल खोदलेली प्रत्येक खाण ही एक मोठी विहीर असते. चालू आहे तोवर तिचे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. उपसा थांबला की पाणी आपल्या मूळ पातळीकडे चढू लागते, आणि चढताना शेदीडशे वर्षांत हवा लागून खडकाच्या भेगांत साचलेले सगळे क्षार धुऊन वर आणते. म्हणून बंद खाणीचे पहिले पाणी सर्वांत विषारी असते. पुढे ते हळूहळू निवळते, पण थांबत नाही.

हे का होते ते समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. तांबे, जस्त, शिसे, कथिल यांच्या खनिजांबरोबर बहुधा पायराइट सापडते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. डोंगराच्या पोटात, हवेपासून दूर, ते लाखो वर्षे निवांत पडून असते. आपण बोगदे खोदतो, तिथे हवा खेळते, पाणी मुरते आणि पायराइटचे सल्फ्युरिक आम्ल व विरघळलेले लोह होऊ लागते. हे रसायन एकटे असते तर फार सावकाश चालले असते. पण या आम्लातच राहणारे, लोहावर जगणारे जिवाणू असतात. १९४७ मध्ये ते प्रथम ओळखले गेले, आणि त्यांच्यामुळे लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग लाखो पटींनी वाढू शकतो. तयार झालेले आम्ल आजूबाजूच्या खडकातले इतर धातू सोडवून घेते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन या खाणीत तर शून्याच्याही खाली सामू मोजला गेला, उणे ३.६ इतका. तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की त्या डोंगरातले पायराइट संपायला सुमारे ३,००० वर्षे लागतील.

तीन हजार वर्षे. आपल्याकडे मागे मोजत गेलो तर सातवाहनांच्याही मागे हजार वर्षे जावे लागेल. हा आकडा मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण ‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ इथे त्याच्याशी ताडून पाहायला हवा. खाणीच्या पाण्यावरचा उपाय शाश्वत आहे असे कोणी म्हणाले, तर माझा प्रश्न असा की तो त्या पाण्याइतका टिकेल का? आणि टिकवणार कोण?

व्हील जेनच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न लगेच उभा राहिला. पाणी कोणाचे? त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात अशी तरतूद होती की सोडून दिलेल्या खाणीतून दूषित पाणी नुसते ‘वाहू दिले’ तर तो गुन्हा ठरत नसे. खाण चालवणाऱ्याने पंप बंद केला, दार ओढून घेतले की त्याची जबाबदारी संपली. ही पळवाट १९९५ च्या कायद्याने बुजवली, पण ती फक्त ३१ डिसेंबर १९९९ नंतर सोडून दिलेल्या खाणींसाठी. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ज्या हजारो खाणींनी ब्रिटनला श्रीमंत केले त्या सगळ्या या कायद्याच्या बाहेर राहिल्या. नफा खासगी तिजोरीत गेला आणि पाणी सार्वजनिक नदीत आले. आज एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे १,५०० किलोमीटर लांबीच्या नद्या-ओढे सोडलेल्या धातुखाणींमुळे दूषित आहेत. २०३८ च्या अखेरपर्यंत ही लांबी निम्मी करण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारने कायद्यात लिहिले आहे. चांगले आहे. पण हा सगळा खर्च करदात्यांचा.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय चुना. आम्लाच्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळली की सामू वर चढतो, धातू विरघळलेले राहू शकत नाहीत, त्यांचा गाळ खाली बसतो. व्हील जेनला २००० सालापासून असा प्रकल्प चालू आहे. पाणी तिथे पंपाने वर खेचावे लागते, दर सेकंदाला शेकडो लिटर, दिवसरात्र, वर्षाचे ३६५ दिवस. चुना आणावा लागतो, आणि चुनखडी भाजून चुना करायचा तर प्रत्येक टन चुनखडीमागे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इंधनाचा धूर वेगळाच. उरलेला गाळ टाकायला जागा लागते, आणि तीही भरत जाते. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी: हा उपाय काम करतो. कार्नन नदी १९९२ सारखी पुन्हा नारिंगी झाली नाही.

चुन्याचा हा न संपणारा खर्च पाहून अभियंत्यांनी दुसरा मार्ग धुंडाळला. पाण्याला उताराने वाहू द्यायचे, वीज नाही, रसायन नाही, आणि वाटेत अशी तळी रचायची की धातू आपोआप मागे राहतील. व्हील जेनच्याच आवारात १९९४ मध्ये असा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. आधी बोरूसारख्या वनस्पतींची उथळ वाफ्यासारखी तळी, मग हवाबंद खोल कुंड, शेवटी शेवाळ धरलेल्या दगडांची गाळणी. पहिल्या टप्प्यात लोह बसायचे, दुसऱ्यात जस्त, आणि सर्वांत चिवट मँगनीज दगडांवर. वनस्पती विष शोषून घेतात अशी एक गोड समजूत आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात त्यांच्या देठापानांत फार थोडा धातू जातो. त्यांचे काम पाण्याचा वेग कमी करण्याचे आणि गाळाला बसायला वेळ देण्याचे. प्रयोगातून पुष्कळ शिकायला मिळाले. पण संपूर्ण खाणीचे पाणी असे स्वच्छ करायचे म्हटले तर त्या अरुंद दरीत मावणार नाही इतकी जमीन हवी होती. म्हणून अखेर चुन्याचाच प्रकल्प बांधला. हे मी अपयश मानत नाही. पाणी किती, त्यात काय, आणि दरी केवढी, हे ठरल्यावर उपाय ठरतो. नैसर्गिक असला म्हणून तो सगळीकडे लागू पडतो असे नाही.

जिथे लागू पडला ती जागा आहे इंग्लंडच्याच लेक डिस्ट्रिक्टमधली फोर्स क्रॅग. शिसे, जस्त आणि बराइट यांची ही खाण, त्या भागातली शेवटची चालू धातुखाण, १९९१ मध्येच बंद झाली. तिच्यातून निघणारे पाणी डोळ्यांना नितळ दिसते. आम्ल जवळजवळ नाही. पण त्यात विरघळलेले जस्त असते आणि कॅडमियम असते, आणि माशांच्या कल्ल्यांना जस्त फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही. हे पाणी ओढ्यावाटे बॅसेनथ्वेट तलावात जात होते. २०१४ मध्ये तिथे दोन तळी बांधली. तळ्यांत भरले काय, तर कंपोस्ट, लाकडाच्या चिपा, सांडपाण्याचा सुकवलेला गाळ आणि चुनखडीची खडी. खाणीचे पाणी वरून सोडायचे आणि या थरांतून खाली झिरपू द्यायचे. कंपोस्टच्या खोल, हवाबंद भागात दुसऱ्याच जातीचे जिवाणू राहतात. ते पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात, आणि सल्फाइड भेटताच जस्त त्याच्याशी जुळून घट्ट होते.

हे वाचताना मला फार आनंद झाला होता, आणि त्याचे कारण सांगतो. जस्ताचे हे सल्फाइड म्हणजेच जस्ताचे धातुक. खाणकामगारांनी दोनशे वर्षे डोंगर पोखरून जे बाहेर काढले, तेच हे जिवाणू कंपोस्टच्या अंधारात पुन्हा घडवतात. डोंगरातून सुटलेला धातू पुन्हा डोंगराच्या भाषेत बांधला जातो. वर्षाला सुमारे एक टन धातू ओढ्यात जाण्याऐवजी या तळ्यांत अडकावा, असा हिशेब त्या प्रकल्पामागे होता, आणि पाण्यातले बहुतेक जस्त तिथे अडते. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, एवढीच तक्रार.

पण इथेच आपली सर्वांत मोठी चूक होते. ‘वीज नाही, रसायन नाही’ हे ऐकले की आपण लगेच ‘खर्च नाही, माणूस नाही’ असेही ऐकतो. कंपोस्ट हे अन्न आहे. जिवाणू ते खातात, ते संपते. दहाएक वर्षांत त्याची ताकद उतरते, त्याची छिद्रे धातूच्या गाळाने बुजतात, पाणी झिरपायचे थांबून वरून वाहू लागते. मग ते सगळे उपसून नवे भरावे लागते, आणि उपसलेल्या कंपोस्टमध्ये आता जस्त-कॅडमियम असल्यामुळे ते कुठल्याही शेतात टाकता येत नाही. पाइपात गेरूसारखा गाळ साचतो, तो महिन्या-दोन महिन्यांनी काढावा लागतो. पानगळीत जाळ्या तुंबतात. म्हणून ‘निष्क्रिय’ हा या पद्धतीचा तांत्रिक शब्द मला धोकादायक वाटतो. पाणी निष्क्रिय राहून स्वच्छ होत नाही. कोणीतरी जाऊन झडप बघतो, पातळी मोजतो, नमुना घेतो, तेव्हा ते स्वच्छ राहते.

या म्हणण्याला ब्रिटनमध्येच पुरावा आहे. तिथल्या कोळशाच्या खाणी १९४७ पासून सरकारी मालकीच्या होत्या. त्या बंद पडल्या तेव्हा त्यांचा वारसदार ठरलेला होता; १९९४ मध्ये त्यासाठी कोल ऑथॉरिटी ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि आज खाणीचे पाणी स्वच्छ करणारे ऐंशीच्या घरातले प्रकल्प ती चालवते. धातूच्या खाणींना असा वारसदार नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी अगदी मोजके प्रकल्प उभे राहिले आणि तेही फार उशिरा. देश तोच, नद्या तशाच, अभियंते तेच, बोरू आणि कंपोस्टही तेच. फरक एवढाच की एका पाण्याला धनी होता आणि दुसऱ्याला नव्हता. फोर्स क्रॅगची तळी चालू आहेत त्यामागेही हीच कोळशासाठी जन्मलेली संस्था आहे. २०२४ मध्ये तिचे नाव बदलून मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटी झाले, आणि मला तो बदल फार अर्थपूर्ण वाटतो.

कोकणात आणि गोव्यात गावाच्या वेशीवर राखणदार असतो. त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो, नारळ असो की रोट. मान चुकला तर गाव अस्वस्थ होते. देव मानणे न मानणे हा वेगळा विषय. पण या प्रथेत एक समज दडलेली आहे. राखण ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे, तिला दरवर्षी काहीतरी द्यावे लागते, आणि ते कोणी द्यायचे हे आधीच ठरलेले असते. ही समज आपल्या पूर्वजांनी दगडमातीतही उतरवली होती. गोव्यातली खाजन शेती पाहा. भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून, मानशीची दारे बसवून भातशेतीखाली आणली आणि शतकानुशतके राखली. बांध मातीचा होता. खेकडे त्याला भोके पाडत, उधाण त्याला कुरतडत असे. तो टिकला कारण गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, उत्पन्नातून त्याच्या डागडुजीचा वाटा आधी बाजूला निघत असे आणि बांध बघणारा माणूस नेमलेला असे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत तर राखण करणाऱ्याला नावच ‘जागल्या’ होते. पुढे गोव्यात गावकारीची घडी विस्कटली, जमिनीचे हक्क बदलले, बांधाची जबाबदारी कोणाची याबद्दल संभ्रम झाला आणि बांध फुटू लागले. तंत्र विसरले गेले नव्हते. राखणदार हरवला होता.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, बोगद्याचे तोंडच काँक्रीटने बंद करून टाका. कल्पना मोहक आहे आणि काही ठिकाणी उपयोगीही. पाणी कोंडले की हवा तुटते, आम्ल कमी होते. पण कोंडलेले पाणी वाट शोधतेच. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या सिल्व्हर्टनजवळच्या डोंगरांत १९९० च्या दशकात एका मोठ्या खाणीच्या बोगद्यात बुचे बसवली गेली. त्यामुळे डोंगरातल्या पाण्याची पातळी वाढून शेजारच्या जुन्या खाणींतून जास्त पाणी येऊ लागले, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. ५ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांतल्याच गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी पर्यावरण खात्याने नेमलेली माणसे खोदकाम करत असताना दगडमातीचा अडसर सुटला आणि एक कोटी लिटरहून जास्त पाणी अॅनिमास नदीत गेले. नदी पिवळी झाली. खाली नवाहो लोकांच्या शेतांचे पाट ऐन हंगामात बंद ठेवावे लागले. ज्यांनी ती खाण खणली ते केव्हाच निघून गेले होते, आणि जे निस्तरायला आले होते त्यांच्या हातून ती फुटली.

दुसरी एक आशा वारंवार ऐकू येते: या पाण्यात धातू आहे, तो काढून विकला तर प्रकल्प आपला खर्च आपण भागवेल. अमेरिकेतल्या ओहायोत कोळसाखाणींच्या पाण्यातल्या लोहापासून चित्रकारांचे रंग तयार होतात, ही खरी आणि सुंदर गोष्ट आहे. गेरूचा रंग माणसाने गुहेच्या भिंतींपासून वापरला आहे. परंतु फोर्स क्रॅगच्या तळ्यांत वर्षाला अडकणारे जस्त विकून तिथल्या एका माणसाचा पगारसुद्धा निघणार नाही. धातू काढता आला तर जरूर काढावा, गाळ कमी होईल. मात्र नदी स्वच्छ ठेवण्याचा निर्णय जस्ताच्या भावावर सोडणे म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळे झाले त्याच बाजाराच्या हाती पुन्हा किल्ली देणे.

मग पैसा कुठून येणार? इथे हिशेबाची एक खोड उघडी करून दाखवली पाहिजे. कंपन्या आणि सरकारे पुढचा खर्च आजच्या किमतीत मांडताना तो दरवर्षी काही टक्क्यांनी कमी करत नेतात. सात टक्के दर धरला तर शंभर वर्षांनी येणाऱ्या एक कोटी रुपयांच्या खर्चाची आजची किंमत होते साधारण साडेअकरा हजार रुपये. त्यामुळे ताळेबंदात ती नदी दिसतच नाही. पणजोबांनी पणतवंडांच्या पाण्याची किंमत एका मोबाइल फोनएवढी ठरवली, असा त्याचा अर्थ. या हिशेबावर रागावून भागणार नाही. तो उलटा वापरायला हवा. शंभर वर्षांनंतरचा खर्च आज खरोखरच इतका किरकोळ असेल, तर ती किरकोळ रक्कम आजच बँकेत टाका, वेगळ्या खात्यात, परत काढता येणार नाही अशी. महागाई वजा जाता तीन टक्के व्याज मिळेल असे धरले, तर वर्षाला एक कोटी रुपये कायम मिळत राहण्यासाठी सुमारे ३३ कोटींची ठेव लागते. चालत्या खाणीच्या उलाढालीत ही रक्कम जड नाही. बंद खाणीसाठी ती कोणीच उभी करू शकत नाही. सगळा प्रश्न वेळेचा आहे: खाण कमावती असतानाच तिच्या म्हातारपणाची तरतूद झाली पाहिजे.

आता आपल्या देशाकडे. कॉर्नवॉलचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १८८० नंतर कोलारची सोन्याची खाण जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवायला घेतली, तेव्हा तिथे कॉर्नवॉलचे खाणकामगार मोठ्या संख्येने आले. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. पंप थांबले, बोगदे पाण्याने भरले. वर राहिले ते दळलेल्या खडकाचे करडे डोंगर, ज्यांना तिथली माणसे आजही सायनाइडचे डोंगर म्हणतात. वाऱ्याबरोबर त्यांची धूळ गावात येते आणि पावसाबरोबर खाली उतरते. खाण कोणाची होती हे सर्वांना माहीत आहे. त्या डोंगरांची रोजची राखण कोणाची, याचे उत्तर तितके सोपे नाही.

गोव्याचा प्रश्न निराळा आहे आणि तो निराळा म्हणूनच समजून घ्यायला हवा. तिथले लोहखनिज ऑक्साइडचे, त्यामुळे आम्लाचा धोका फारसा नाही. कॉर्नवॉलची तळी डिचोलीत आणून बसवली तर ती चुकीच्या रोगावरचे औषध ठरेल. गोव्याचा रोग गाळाचा आहे. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती काढून तिचे डंप रचले गेले, ती माती दर पावसाळ्यात ओहोळांतून शेतात आणि खाजनांत उतरली. शिरगावसारख्या ठिकाणी खणती पाण्याच्या पातळीखाली गेली आणि विहिरी आटल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, पुढे अटी घालून सुरू केल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध केवढे रान उठले हे आपण पाहिले. कामगारांचे संसार, ट्रक-बार्जवाल्यांची कर्जे, हे सगळे खरे होते. पण त्या साऱ्या गदारोळात भरून राहिलेल्या खंदकांचा विषय मागेच पडला. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की याच खंदकांचे पाणी उपसून नदीत सोडायचे आणि पुढे नळाला द्यायचे, असे प्रकार गोव्यात झाले आहेत. म्हणजे खंदक ही आता पाण्याची टाकी झाली आहे. टाकी असेल तर तिचा मालक, तिची नियमित तपासणी आणि तिच्या काठाची डागडुजी या तिन्ही गोष्टी हव्यात.

आम्लाच्या पाण्याचा खरा भारतीय धडा आपल्याला विदर्भाच्या सीमेपलीकडे, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मिळेल. मलांजखंडची तांब्याची खाण गंधकयुक्त खनिजाची आहे. तिच्या कमी प्रतीच्या धातुकाच्या ढिगाऱ्यांतून आम्लाचे पाणी झिरपते हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्या भागातली बंजर नदी पुढे नर्मदेला मिळते. ही खाण चालू आहे, आणि म्हणूनच आशेला जागा आहे. इथे कंपोस्टची तळी जशीच्या तशी इंग्लंडमधून आणून चालणार नाहीत. तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, इकडे चार महिन्यांत सगळा कोसळतो. जूनमध्ये ढिगाऱ्यावरचे सुकलेले क्षार पहिल्या सरींबरोबर एकदम धुऊन येतात आणि मे महिन्यात तळे कोरडे पडून जिवाणू मरतात. तेव्हा पहिला लोंढा अडवायला वेगळा तलाव हवा, आणि उन्हाळ्यात तळे ओले राहील इतके पाणी राखून ठेवायला हवे. दुसऱ्या बाजूने आपल्याकडची ऊब जिवाणूंना मानवते. कडाक्याच्या थंडीत त्यांचा वेग मंदावतो, ती अडचण आपल्याला जवळजवळ नाही. शेणखत, भाताचा तूस, उसाची चिपाडे, लाकडाचा भुसा, या सगळ्याला आपल्याकडे तोटा नाही. लागणारी अक्कलही आहे, संस्थाही आहेत.

कायदाही अगदीच गप्प नाही. खाणबंदी आराखडा सादर करणे बंधनकारक आहे, त्यासाठी हेक्टरी काही लाखांची आर्थिक हमी घेतली जाते, आणि २०१५ नंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आहे. पण ही हमी किती जमीन खणली यावर मोजली जाते. पाणी किती वर्षे वाहील यावर नाही. माती सारखी करणे आणि झाडे लावणे यासाठी ती आखलेली आहे. आम्लाचे पाणी शतके वाहणार असेल तर काही वर्षांत परत मिळणारी हमी त्याच्यापुढे किती पुरणार? गंधकयुक्त खनिजाच्या प्रत्येक खाणीसाठी कायमस्वरूपी पाणीनिधी वेगळा हवा. तो पाण्याच्या तपासणीवरून ठरवलेला हवा, आणि कंपनी विकली गेली, बुडाली, नाव बदलले तरी त्याला हात लागू नये. आपण गरीब देश आहोत, आपल्याला हे परवडत नाही, असे ऐकवले जाते. मला नेमके उलट वाटते. ब्रिटनला दोनशे वर्षांची घाण आज करातून निस्तरणे परवडते. आपल्याला परवडणार नाही, म्हणूनच ती आपण आधी होऊ देता कामा नये.

वाचकहो, तुमच्या तालुक्यात नव्या खाणीची किंवा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी लागेल तेव्हा जा. रोजगाराचे आकडे ऐका, रस्त्यांची आश्वासने ऐका, मग उठून उभे राहा आणि एवढेच विचारा: खाण बंद झाल्यानंतरच्या शंभराव्या पावसाळ्यात या ओढ्याच्या काठी पाण्याचा नमुना घ्यायला कोण येणार आहे, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार आहे? उत्तर लेखी मागा, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नका.